रीमाला विचारलंस का?

हॅलो? … हं विनू, जयभीम, जयभीम. बोल. … नाही गं, चालवत नाहीये, पार्किंगमध्ये उभी आहे. गाडी चालवताना मी फोन उचलत नाही, राजनं दम दिलाय. … आरामात बसलेय. हीटर लावलाय, थर्मासमध्ये चहा आहे. … कुठे म्हणजे? एका दवाखान्याबाहेर. … मला काही झालेलं नाही, चांगली धडधाकट आहे तुझी ताई. एका मुलीला घेऊन आलेय.

… तुला कुणी सांगितलं? … राजनं? माझंच पोर, पण पोटात काही म्हणून राहत नाही त्याच्या. … हो, हो… अगं ऐक ना. मला बोलू देशील तर सांगेन. टेनेसीहून आलीये ती. तिच्या राज्यात गर्भपात बंद करून टाकलाय, म्हणून एवढ्या लांब इलिनॉयला यावं लागतं. विमानतळावरून इथे आणायचं, झालं की परत नेऊन सोडायचं. एवढंच माझं काम. … फुकट, मग काय. नवं कोरं लायसन्स हातात असताना घरात बसून भिंती बघू? … हो, पहिल्यांदा मलाही माहीत नव्हतं. लायब्ररीतली बाई म्हणाली, पेशंट न्यायचे आहेत. मला वाटलं, डोळ्यांचे असतील. इथे आल्यावर कळलं. पण त्या वेळची पोर इतकी भेदरलेली होती, की पुढच्या आठवड्यात मी आपणहून पुन्हा नाव दिलं.

… आलीस पंचशीलावर? वाटलंच मला. … ठाऊक आहे गं, मीही रोज सकाळी म्हणते. पाणातिपाता वेरमणी. कुणाचा जीव घेणार नाही. … म्हणताना जीभ अडखळते, खोटं कशाला बोलू. पण माझ्या गाडीत बसलेली पोरसुद्धा जीवच आहे ना? तिचं काय करू, हायवेवर उतरवून देऊ?

… बरं बाई, तू म्हणशील तसं. फोन कशाला केलास ते तर सांग. … आवाज असा का येतोय तुझा? … रडतेयस? … विनू, काय झालं? प्रतापराव बरे आहेत ना? … मग? … रीमा? काय झालं रीमाला?

… दिवस गेलेत? … नक्की? … हं. … अगं, तासाभरावर शिकागोत राहते पोर, परवा रविवारी माझ्याकडे जेवून गेली, एका अक्षरानं बोलली नाही. … शप्पथ, मला काहीच माहीत नव्हतं. … डोळे पूस आधी. लग्नाआधी दिवस गेलेली ती काही जगातली पहिली मुलगी नाही.

… काय म्हणालीस? … पुन्हा म्हण. … माझ्या त्या दवाखान्यात नेऊ तिला? … विनू, आत्ता, या क्षणापर्यंत तू मला पाणातिपाता ऐकवत होतीस. … हसत नाहीये. … बरं, हसले थोडी.

… तिची गोष्ट वेगळी? ती कशी काय? … शिक्षण अर्धवट राहील, ठीक. … लोक काय म्हणतील, तेही समजलं. … आणि? … आणि काय? बोल की, अडतेस कशाला. … मुलगा काळा आहे, म्हणून.

… ऐकतेय. बोल तू. … आयझाया. नाव घे त्याचं, जीभ झिजत नाही. माझ्याकडे बुद्धजयंतीला आला होता, खीर मागून मागून खाल्ली आणि सगळे गेल्यावर एकट्यानं खुर्च्या आवरल्या. … घराणं? … मूळ गाव? कुठून असणार मूळ गाव? आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून आणलेली माणसं ती. आडनावसुद्धा मालकाचं. … हो, आयझायाचंही. त्याच्या आजीनंच सांगितलं मला, तीही आली होती त्या दिवशी, आम्ही दोघी भांडी विसळत होतो तेव्हा. … तिच्या पणजीला मूल झालं की मालक खूश. गोठ्यात वासरू वाढल्यासारखा. अंगावर पिणारं पोर असलं तरी नेऊन विकायचा. … थांब, पुढे ऐक. या आजीच्या सख्ख्या मावशीला पोटात दुखतं म्हणून दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरनं तिला न विचारता मूल न होण्याचं ऑपरेशन करून टाकलं. का, तर काळ्यांची पोरं वाढायला नकोत. … नाही, तेव्हा गुलामी कधीच संपली होती. तेच तर म्हणतेय मी. मालकाला पोरं हवी होती तेव्हा हवी, डॉक्टरला नको झाली तेव्हा नको. त्या बाईला विचारलं कुणी?

… आपला काय संबंध? विनू, आपल्या आजोबांना पाटलाच्या दारात वेठीला उभं करायचे. ते राहू दे. तुला कॉलेजात असताना खोली नाकारली होती, विसरलीस? आधी आडनाव विचारलं त्या बाईनं, मग गाव. रडत घरी आली होतीस. … हं.

… चिडलेली नाहीये मी. … हो, चिडलेय. माझ्या बहिणीच्या तोंडून हे ऐकायला लागलं म्हणून चिडलेय.

… मला काय वाटतं? खरं सांगू? ठेवावं तिनं, असं वाटतं. मी सांभाळीन. आता तू बोलत होतीस आणि मी मनात पाळणा कुठे ठेवायचा ते ठरवून मोकळी झाले. … नाही, तिला नाही सांगणार. तुझंही सांगणार नाही आणि माझंही नाही. … तू रीमाला विचारलंस का, तिला काय हवंय? … ऐकल्याबरोबर तिचा फोन आपटलास. म्हणजे नाही विचारलंस.

… थांब, थांब. तिचाच फोन येतोय. … नाही, तुला मध्ये घेणार नाही. … नंतर करते. विनू, ठेव आता.

हॅलो? रीमा? … हो, कळलं. आईशीच बोलत होते. … नाही गं राणी, रागावले नाही. नाक पूस आणि सावकाश बोल. … मावशी काय म्हणते ते बाजूला ठेव. तुला काय हवंय?

… नकोय.

… हं. … ऐकतेय मी. … आयझायाशी बोललीस? … दोघांनी मिळून ठरवलंत. बरं. … आणि लग्न? … ते करायचंच आहे. बरं झालं, ते आईला मी सांगते. … रीमा, एकच विचारते. आईच्या धाकानं तर नाही ना? … तुझं तुलाच आत्ता नकोय. … मग झालं. … नाही, वाईट नाही वाटत. … वाटतं थोडं. ते माझं मी बघेन, तू नको त्याची काळजी करू.

… गुरुवारी? आयझाया आहेच, पण मीही येते. येताना गाडीत मागे बस तू, जरा आडवी हो. … दवाखान्याचा पत्ता नको पाठवू, बाळा. मला रस्ता माहीत आहे.