आमच्या कंपनीतले तांदूळतज्ज्ञ

सल्लागार म्हणून माझी अब्रू गेली ती वेल्ह्याच्या एसटी स्टँडवर. कशी ते ऐका.

बचत गटाच्या सुमनताई तिथं भेटल्या. "सायेब, तांदळाच्या पोत्यांत किडं झाल्यात. उद्या माल पुन्याला धाडायचाय. काय करावं?"

मला तांदळातलं खाण्यापलीकडं काही कळत नाही. पण कंपनीचं नाव राखायचं होतं. म्हटलं, "ताई, आमचं ज्ञानाचं पोर्टल आहे. मोबाईलवर प्रश्न टाकला की कंपनीतला त्या विषयाचा तज्ज्ञ लगेच मिळतो."

प्रश्न टाकला. मोबाईल वाजला. 'तज्ज्ञ सापडले. तुमचा प्रश्न त्यांना पाठवला आहे.' ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं.

तेवढ्यात माझाच मोबाईल पुन्हा वाजला. 'एका सहकाऱ्याला तुमचा सल्ला हवा आहे. विषय: तांदूळ.' मागच्या वेल्हे भेटीवर मी पानभर अहवाल पोर्टलवर चढवला होता. अख्ख्या कंपनीत तांदळावर लिहिणारा मी एकटाच!

"आलं का त्यांचं?" ताईंनी विचारलं.

"आलं."

"काय म्हनत्यात?"

"म्हणतात, मला ठाऊक नाही, कुणाला तरी विचारून सांगतो."

"मानूस खरा दिसतोय," ताई म्हणाल्या. "असला एखादा धाडत जावा की हिकडं."