तोफ मॅडमचा पॉवर सप्लाय

...आणि वर मलाच विचारतो, "काका, वॅट म्हणजे काय ते माहितीये ना?" मला! अहो, मला विचारतो! तुम्हाला सांगतो, सव्वीस वर्षं झाली मी कंट्रोल पॅनेल बनवतोय. कंट्रोल पॅनेल म्हणजे ती कारखान्यात उभी असतात ना, लोखंडी कपाटं, आत नुसत्या वायरी? ती. शंभर-शंभर हॉर्सपॉवरच्या मोटरी माझ्या कपाटावर चालतात, आणि हा कॉम्प्युटरच्या दुकानातला माणूस, गळ्यात हेडफोन, हातात चहा, मला वॅट शिकवतो! मी म्हटलं, "हे बघा, बाकी काय वाट्टेल ते सांगा, पण विजेचं मला कोणी सांगायचं नाही!"

आता तुम्ही म्हणाल, तुम्ही कॉम्प्युटरच्या दुकानात कशाला तडमडलात? तेच तर सांगतोय! बायकोसाठी. नाही, ऑफिसचं काम वगैरे काही नाही. गेम खेळायला. हसा, हसा! मीपण हसलो होतो. माझी बायको शाळेत गणित शिकवते. वर्गात ती आली की पंख्याचा आवाजसुद्धा कमी होतो म्हणे. आणि ही बाई संध्याकाळी सहा ते आठ रणगाड्यांची लढाई खेळते! चौघांची टीम आहे. एक दाताचे डॉक्टर, एक बँकेतल्या कॅशियर बाई, एक बस ड्रायव्हर, आणि चौथी ही. तिला तिथे काय म्हणतात माहितीये? तोफ मॅडम! मी चहा घेऊन खोलीत जातो तर स्पीकरमधून दाताचे डॉक्टर ओरडत असतात, "तोफ मॅडम, डावीकडे, डावीकडे, वाचवा मला!" आणि ही अगदी थंडपणे, "घाबरू नका डॉक्टर, तोंड बंद ठेवा, आलेच."

तर आमचा जुना कॉम्प्युटर गचकला. आणि पुढच्या रविवारी, संध्याकाळी पाच वाजता, यांची फायनल! दीडशे टीममधून शेवटच्या दोन उरल्या होत्या, त्यातली एक यांची. मग तिने ठरवलं, नवा कॉम्प्युटर स्वतः जुळवायचा. एकेक भाग निवडून. आणि कसा निवडला! वही केली वेगळी. प्रोसेसर कुठला, ग्राफिक्स कार्ड कुठलं, कार्डाची लांबी किती, कॅबिनेटमध्ये मावतं का... वर्गातली मुलं पेपर लिहितात तशी समास आखून. सगळं आलं, टेबलावर मांडून झालं, आणि घोडं अडलं कशावर? पॉवर सप्लायवर, म्हणजे भिंतीतली वीज आत सगळ्यांना वाटून देणाऱ्या पेटीवर. म्हणजे अडलं असं काही नाही, तिने वहीत लिहिलेलं होतं, साडेसातशे वॅट, खाली दोन रेघा. पण मी म्हटलं, थांब! घरात पॅनेलवाला नवरा असताना तू पॉवर सप्लाय निवडणार? लोक काय म्हणतील?

ती म्हणाली, "अहो, झालंय माझं गणित. नुसता आणायचाय."

मी म्हटलं, "अगं, गणित तुझं, वीज माझी. विजेचं मला कोणी सांगायचं नाही!"

तिने माझ्याकडे पाहिलं. वह्या तपासताना एखाद्याचं उत्तर चुकलेलं दिसतं पण रीत काय केलीय ते बघू, असं पाहतात ना, तसं. म्हणाली, "बरं. आणा तुम्ही."

गेलो दुकानात. तर तो म्हणतो कसा, "काका, तुम्ही टेन्शनच नका घेऊ, कॅबिनेटसोबत साडेचारशेचा फुकटच येतोय. लाइटवाला! सात रंग बदलतो." मी म्हटलं, दाखव. हातात घेतला तर फुलासारखा हलका. अहो, पॉवर सप्लाय हातात घेतला की हात खाली गेला पाहिजे! आत तांबं हवं, लोखंड हवं, वारा भरून काय करायचंय? पालथा केला, लेबल वाचलं. लेबल! लोक वरचा मोठा आकडा वाचतात आणि फसतात. मी बारीक अक्षरं वाचतो. बारा व्होल्टच्या लाइनला किती अँपिअर? अठरा. बारा गुणिले अठरा? दोनशे सोळा! ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर, सगळी जड गिऱ्हाइकं बसतात त्या बारा व्होल्टवर, आणि तिथे दोनशे सोळा, आणि खोक्यावर छापलंय साडेचारशे! म्हटलं, "बाकीचे कुठे गेले हो? रंग बदलायला?"

चहा खाली ठेवून त्याने दुसरं टोक गाठलं. "काका, मग बाराशेचा न्या. डोळे झाकून. फ्यूचर प्रूफ!" म्हटलं, कशाला? मला काय त्यावर पिठाची गिरणी चालवायचीय? मग मी तिथेच काउंटरवर, त्याच्याच बिलबुकाच्या पाठीवर लोड काढला. कार्ड अडीचशे, प्रोसेसर सव्वाशे, पंखे, डिस्क, सटरफटर मिळून पंचाहत्तर. झाले साडेचारशे. पण इथे थांबायचं नाही! हे कार्ड जे असतं ना, ते मधेच असा एक झटका मारतं, क्षणभर दुप्पट ओढतं. अगदी आमच्या मोटरीसारखं, सुरू होताना जीव खाते आणि मग शांत. त्या झटक्याला जागा सोडायची, शिवाय तो पूर्ण लोडवर कण्हत चालायला नको, गार चालला पाहिजे, म्हणून अजून थोडी... आणि तुम्हाला सांगतो, दीड तास खपून, तीन बिलं खराब करून, मी ज्या आकड्यावर आलो, तो होता साडेसातशे.

आता दुकानात बसून मी काय बायकोला फोन करून सांगणार? साडेसातशेवाले चार होते, चारी मागवले, चारी तोलले, चारींची लेबलं वाचली. एकाला बारा व्होल्टवर बासष्ट अँपिअर. बासष्ट! म्हणजे सातशे चव्वेचाळीस, खराखुरा. शिवाय केबल सगळ्या सुट्या, लागेल तेवढीच लावायची, बाकी खोक्यात. दहा वर्षांची वॉरंटी. हातात घेतला, हात खाली गेला. म्हटलं, हाच! दुकानदार म्हणाला, "काका, तुम्ही इथे नोकरीला येता का?" हे त्याने मनापासून म्हटलं असं मी धरून चाललोय.

शनिवारी दुपारी घरी जुळणी. ती म्हणाली, "आणलात ना, छान आहे, आता बाजूला व्हा, मी बसवते." म्हटलं, "अगं, बोर्ड तू बसव, कार्ड तू बसव, पण वायरिंग? वायरिंग मी असताना तू?" तुम्हाला म्हणून सांगतो, आमच्या धंद्यात वायरिंगला ड्रेसिंग म्हणतात. नुसती जोडली म्हणजे झालं नाही, वायर सजली पाहिजे. वळण सगळ्यांचं सारखं, पट्ट्या एका अंतरावर. माझं पॅनेल उघडून इन्स्पेक्टर नुसता उभा राहतो, मग हळूच दार लावतो, झोपलेल्या बाळाच्या खोलीचं लावतात तसं. आणि हिच्या कॅबिनेटला एका बाजूने काच! म्हणजे आतलं सगळं जगाला दिसणार! मग सोडतो का मी?

सगळ्या केबल सजवल्या. अशा सजवल्या की मीच दोनदा लांब जाऊन बघून आलो. राहिली एक. डिस्कची. खोक्यातली डिस्कची केबल म्हणजे चपटी, ताठ, वळवावी तिकडे वळायला तयार नाही, आणि बरोबर काचेसमोरून आडवी! सगळी शोभा गेली. माझं तर डोकंच उठलं. आणि मग मला आठवला माझा पत्र्याचा डबा. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या केबल मी जपून ठेवल्या होत्या. त्यात डिस्कची होती, मऊ, विणलेल्या आवरणाची, चांगली हातभर लांब. काढली, लावली. टक्! बसली! दोन्ही टोकांना बसली! अशी मागून फिरवली की काचेतून दिसेचना.

ती म्हणाली, "ही खोक्यातली आहे ना हो?"

म्हटलं, "अगं, वायर ती वायर. बसली म्हणजे तिचीच. विजेचं मला कोणी सांगायचं नाही!"

आणि बटण दाबलं.

पंखे फिरले, दिवे लागले... आणि आतून एक बारीकसा आवाज आला. टिच्. एवढाच! आणि मग वास. तो वास, तुम्हाला सांगतो, तो मी सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पॅनेलमधून घेतलाय. स्वतःच्या हातच्या कामातून पहिल्यांदा आला. स्क्रीनवर एकच ओळ. डिस्क सापडत नाही.

ती ओरडली असती ना, तर बरं झालं असतं. ओरडली नाही. नुसती त्या ओळीकडे बघत बसली. डिस्क जुन्या कॉम्प्युटरमधली, सगळा गेम तिच्यावर उतरवून ठेवलेला, दुसऱ्या दिवशी पाचला फायनल, आणि आठवडाभर ही बाई एकेक भाग वहीत लिहीत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू?

मग ती उठली. म्हणाली, "माहितीपुस्तक कुठेय?" आता माहितीपुस्तक... ते टेबल डुगडुगत होतं ना, कामात हात हलतो, म्हणून मी ते टेबलाच्या पायाखाली घातलं होतं. अहो, वाचायचं काय त्यात? तिने काढलं. झटकलं. चौथ्या पानावर, लाल चौकटीत, एवढ्या मोठ्या अक्षरात: फक्त सोबत दिलेल्या केबल वापरा. मग माझाच मीटर घेतला, माझ्याच पेटीतला, जुनी केबल काढली, टोकं तपासली, पुस्तकातल्या आकृतीशी ताडून पाहिली, आणि फळ्यासमोर उभी राहून सांगतात तशी म्हणाली, "पॉवर सप्लायकडचं टोक प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने जोडते. खोबणी तीच, आतली जागा वेगळी. डिस्कला पाच व्होल्ट जायचे तिथे तुम्ही बारा पाठवलेत."

माझ्या पॅनेलमध्ये प्रत्येक वायरीवर नंबर असतो हो! नंबर लावल्याशिवाय मी वायरीला हात लावत नाही, दुसऱ्याला लावू देत नाही! आणि घरी? घरी शोभा बघितली.

नशिबाने बाकी सगळं शाबूत. रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती दारात उभी. नवी डिस्क. दुकानदाराने मला लांब स्कूटरवर बसलेलं पाहिलं आणि तिला विचारलं, "मॅडम, काकांनी जुनी केबल लावली का?" त्याला कसं कळलं? म्हणे, आठवड्याला एक तरी येतो. आणि बहुतेक, म्हणे, विजेच्या धंद्यातलेच असतात.

घरी येऊन तिने ती ताठ, चपटी, आडमुठी केबल लावली. काचेसमोरून आडवी. मी डोळे मिटून घेतले. दुपारभर गेम उतरत होता, मी दाराशी बसून टक्के मोजत होतो. साडेचारला शंभर झाले. पाचला लढाई. आणि काय खेळली! मला रणगाड्यातलं काही कळत नाही, पण कार्डाचे झटके मला ऐकू येत होते, पंख्याचा सूर चढायचा, उतरायचा, आणि माझा पॉवर सप्लाय गार! हात लावून पाहिला, म्हणजे लावणार होतो, तिने हेडफोन न काढताच म्हटलं, "हात नाही." जिंकले! शेवटच्या दोन मिनिटांत, दाताचे डॉक्टर केव्हाच गारद, बस ड्रायव्हर गारद, कॅशियर बाईंनी धूर सोडला आणि हिने उडवला समोरचा. नंतर कोणीतरी विचारलं, "तोफ मॅडम, मशीन मधेच अडकलं नाही हो तुमचं, कोणी केलं?" तर म्हणाली, "जुळवलं मी. पॉवर सप्लाय मात्र ह्यांनी निवडला. अगदी उत्तम निवडला."

ऐकलंत? उत्तम! चारचौघांत! दुसऱ्या दिवशी कामावर मी हे सगळ्यांना सांगितलं. उत्तम निवडल्याचं. मधलं शनिवारचं नाही सांगितलं, वेळ नव्हता.

म्हटलं, चला, मिटलं. आपली पत राहिली. आणि परवा आमच्या बेडरूमचा दिवा गेला. मी आंघोळीत होतो. बाहेर येऊन फोन बघतो तर इमारतीच्या ग्रुपवर बायकोचा मेसेज, "दिवा बसवायला चांगला वायरमन सुचवा." मला वाटलं, गंमत करतेय. खाली सात जणांनी उत्तर दिलंय. सातही जणांनी माझाच नंबर दिलाय! छाती अशी फुलली म्हणून सांगू! आणि त्याच्याखाली बायकोने लिहिलंय...

"दुसरा कोणी?"

मग काय करणार? मीच सुचवला एक. पोरगा चांगला आहे, माहितीपुस्तक वाचतो.