पहिलीच्या बाई

सरकारी शाळेची बाजू घेऊन भांडतेस, मग पोरीला खासगीत का घातलंस, असं तुम्ही मला नेहमी टोचता ना? अरे, घालणारच होते सरकारी शाळेत! माणिकपूरला घरपट्टी भरली, तर पावतीवर शिक्षण कर. डोकंच फिरलं. हा कर भरायचा आणि वर खासगी शाळेची फीसुद्धा?

दुसऱ्याच दिवशी अकरा वाजता शाळेत निघाले. दार उघडलं, तर समोर घामाघूम झालेली एक बाई, हातात मतदार यादी.

"घरातली नावं तपासायची आहेत."

म्हटलं, "जरा घाईत आहे हो. मुलीचं नाव घालायचंय, पलीकडच्या सरकारी शाळेत."

"पहिलीत?"

"हो."

"मग आता जाऊन उपयोग नाही. पहिलीच्या बाई मीच."

"आणि वर्गावर कोण आहे?"

"दुसरीच्या बाई. त्याच चौथीपर्यंत बघतायत सध्या."

मी त्यांना पाणी दिलं. राहवेना म्हणून विचारलं, "तुमची मुलं कुठे शिकतात?"

माझ्या नावापुढे खूण करत, मान वर न करता त्या म्हणाल्या, "खासगीत. तिथल्या बाई वर्गात असतात हो."