इंजिनाच्या घशात खण

इर्शाद : ‘आधी फुंकून बघ, मग बसव.’ अब्बा प्रत्येक नळीला हेच सांगायचे. म्हणून म्हणतो सरुमावशी, नळी मी चांगली साफ करून बसवलीय. दोष नळीचा नाही.

प्रेरणा : मग कोणाचा, बॉनेटचा? आतून बघा त्याच्याकडे, तेलाचा अभिषेक झालाय नुसता.

सरुबाई : अभिषेक म्हनू नको गं सूनबाई. आज संकष्टी हाय.

प्रेरणा : बरं, आंघोळ म्हणते. इर्शादभाऊ, तुम्ही गाडी सुरू केलीत, जरा गुरगुरली आणि ऑइल मोजायची काडी बाणासारखी वर उडाली. तिच्यामागून ऑइल. ‘चालू इंजिन’ म्हणून आणलंत ना हे जुन्या बाजारातून?

इर्शाद : चालू आहे म्हणूनच उडवतंय, वहिनी. बंद असतं तर तुमचं बॉनेट कसं लख्ख राहिलं असतं.

प्रेरणा : वा! म्हणजे आम्ही पेढे वाटायचे. पण लवकर काय ते ठरवा. संध्याकाळी टेम्पो येतोय.

इर्शाद : कसला टेम्पो?

प्रेरणा : पवनानगरच्या कॅम्पवाल्याचा. आईंच्या लेकाने, आकाशने, त्याला शब्द दिलाय. आज फियाट तुमच्या गॅरेजमधून स्वतः चालत निघाली तर घरी, नाहीतर टेम्पोत.

इर्शाद : कॅम्पवाला काय करणार हिचं?

प्रेरणा : तंबूंच्या मध्ये उभी करणार. चाकं काढून, बॉनेटमध्ये माती भरून झेंडू लावणार. लोणावळा बघून कंटाळलेले लोक टपावर बसून फोटो काढतील.

सरुबाई : टपावर बसतील का? बरं हाय. तुजे सासरे लोणावळा स्टेशनावरनं कार्ल्याला शिटा न्ह्यायचे, तर दार आपटलं म्हनून एका सायबाला अर्ध्या वाटंतच उतरवलं हुतं त्यांनी.

प्रेरणा : आई, मी काही वाईट म्हणत नाहीये. अंगणात उभी राहून तिच्यावर कोंबड्या अंडी घालत होत्या. त्यापेक्षा झेंडू बरा.

सरुबाई : व्हय. आन मला कुटं लावनार? कॅम्पात जागा असंल की अजून एका कुंडीची.

इर्शाद : मावशी, हळू आवाजात इतकं लागेल असं बोलायला कुठं शिकलात?

सरुबाई : मी काय बोलले? मी तर जप करतेय.

प्रेरणा : इर्शादभाऊ, मला कळेल असं सांगा. ही नळीची भानगड काय आहे?

इर्शाद : ऐका. कुठल्याही इंजिनात थोडा धूर पिस्टनच्या कडेने खाली उतरतो, ऑइल असतं त्या खोलीत. तो साठला तर दाब वाढतो. त्याला बाहेर पडायला वाट लागते. ह्या नव्या इंजिनाला नुसता उघडा पाइप होता, धूर खाली रस्त्यावर सोडणारा. मी तो इंजिन आणलं त्याच दिवशी काढून टाकला. तुमच्या जुन्या इंजिनाची डबी, जाळी, नळी काढून ह्याच्या तोंडाला जोडली. आता धूर वर एअर फिल्टरमध्ये जाणार आणि इंजिन तो पिऊन जाळणार.

प्रेरणा : उघडा पाइप असताना चाललं असतं?

इर्शाद : चाललं असतं की.

प्रेरणा : मग एवढे लाड कशाला? धूर रस्त्यावर गेला असता. लोणावळ्यात शनिवार-रविवारी तसाही कोणाला कोणाचा धूर ओळखू येत नाही.

इर्शाद : रस्त्यावर सगळा कुठे जातो? ह्या गाडीचा पत्रा चाळणीसारखा. निम्मा धूर आत, बसणाऱ्याच्या नाकात. आणि अब्बांना चुलीचा धूर लागला तरी त्या रात्री घरात कोणी झोपत नाही.

प्रेरणा : दस्तगीरचाचांचा काय संबंध?

इर्शाद : मावशींना विचारा. त्यांचा जप संपला असेल तर.

सरुबाई : पवनानगरला बघाया गेलते मी त्याला. ही गाडी दिवसा तुजे सासरे चालवायचे, रातीला दस्तगीर. आता खाटंवरनं उठवत न्हाई त्याला. दम लागतो. मला म्हनला, वैनी, एकदा हिच्यात बसवून दुधिवऱ्याच्या खिंडीत न्ह्या. तितनं धरनाचं पानी बघायचंय. मी व्हय म्हनले.

प्रेरणा : मला कोणी बोललं नाही हे.

सरुबाई : तू टेम्पो कवा येतो त्येवढंच इचारत हुतीस.

प्रेरणा : दुसऱ्या गाडीतून नेऊ की चाचांना. एसी गाडी सांगते.

इर्शाद : मी सांगितली होती. म्हणाले, बर्फाच्या पेटीत मासे नेतात, मी अजून जिवंत आहे.

प्रेरणा : मग आता?

इर्शाद : आता इंजिन खोलायचं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असणार, म्हणून दाब चढतोय. ईदनंतर बघू.

सरुबाई : ईदपत्तुर दस्तगीरला थांब म्हनून सांगायचं का? सांग बाबा, तुजं ऐकंल त्यो.

इर्शाद : मावशी...

सरुबाई : न्हाई, मला अडानी बाईला एकच सांग. तू फुंकून बघितलंस का?

इर्शाद : नळीत कंप्रेसरची हवा मारली. जाळी धुतली.

सरुबाई : आन इंजिनाचं तोंड?

इर्शाद : ते... त्याला तोंडानेच फुंकावं लागतं. कंप्रेसर लावला तर ऑइल भिंतीवर. आणि रोजा आहे माझा. ऑइलचा घोट घेऊन रोजा सोडू?

प्रेरणा : म्हणजे अब्बांची शिकवण अकरा महिने. रमजानमध्ये सुट्टी.

इर्शाद : तुम्ही फुंका ना मग मावशी.

सरुबाई : मला संकष्टी. चंद्र दिसल्याबिगर मी पानी बी घेत न्हाई, आन तू ऑइल पाजतोस?

प्रेरणा : थांबा. म्हणजे ह्या गॅरेजमध्ये जेवलेली मी एकटीच?

सरुबाई : व्हय. मिसळ खाल्लीस. वर दोन पाव.

प्रेरणा : द्या ती नळी. कुठे लावायची? इथे? ...अगं आई गं! हवा जातच नाही. कानातून बाहेर येईल माझ्या.

इर्शाद : जातच नाही? सरका, सरका. आकडा द्या तो तारेचा. काहीतरी मऊ लागतंय. खोल गेलंय... आलं. हे काय आहे?

प्रेरणा : कापड. लाल. काठ आहे की ह्याला!

इर्शाद : सरुमावशी?

सरुबाई : ...खनाचा तुकडा हाय.

इर्शाद : इंजिनात खण?

सरुबाई : इंजिन आलं त्या दिशी अंगनात पूजा केली न्हाई का मी? हळद-कुंकू, अक्षता. म्हनलं, एवढं मोठं भोक उघडं. अक्षता आत पडतील, मग इर्शादला तरास. तुजाच इचार केला.

इर्शाद : मेहरबानी. आणि काढायचा कोणी?

सरुबाई : मीच काढनार हुते. आरती झाली, नमस्काराला डोळे मिटले. उघडते तर इंजिन तुज्या साखळीला लोंबकळतंय, टेम्पोच्या वर. देवाला हात जोडायला येवढा बी येळ न्हाई दिला तू.

प्रेरणा : आई, इंजिनाची ओटी भरलीत तुम्ही. मग उलट्या होणारच की.

इर्शाद : आणि मी त्या बिचाऱ्या रिंगांना नावं ठेवत बसलो. वहिनी, तोंड पुसा. मिशी आलीय तुम्हाला.

प्रेरणा : राहू दे. तुम्ही नळी जोडा. क्लिप आवळा. आणि ती काडी जागेवर खोचा, परत माझ्या अंगावर नको.

(इंजिन सुरू होतं.)

इर्शाद : काडी जागेवर आहे. आता आत बसा वहिनी, काचा लावून. मी रेस देतो. वास येतो का?

प्रेरणा : येतो.

इर्शाद : धुराचा?

प्रेरणा : कोंबड्यांचा. धुराचा नाही. अजून जोरात द्या... नाही. खरंच नाही.

सरुबाई : सूनबाई, तुजा फोन वाजतोय.

प्रेरणा : हॅलो. हो, मीच. टेम्पो निघाला? मग वाटेतच वळवा... नाही, किमतीचं नाही. गाडीला काम निघालंय. आकाशशी मी बोलते, तुम्ही नका बोलू. ठेवते.

सरुबाई : काम निघालंय म्हनलीस?

प्रेरणा : इर्शादभाऊ, हिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला असतो ना? पहिला कुठे पडतो?

इर्शाद : तुम्ही चालवणार? खिंडीचा चढ आहे. मी घेतो.

प्रेरणा : तुम्ही सकाळपासून उपाशी. मी दोन पाव खाल्लेत. तुम्ही स्कूटरवरून मागून या.

इर्शाद : येतो. पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर. पान्यांची पेटी घेऊनच येतो.

सरुबाई : थांब, बसू दे मला. ह्ये पुढचं दार लय जड हाय बाई.

प्रेरणा : आई, तुम्ही मागे बसा. पुढे चाचांना पाय लांब करता येतील.