सुमनचं टायपिंग

परीक्षेचा विषय निघालाय म्हणून सांगते. माझी नणंद सुमन, नवरा गेल्यावर फणसवाडीत आमच्याकडे आली. मराठी टायपिंग पास झाली तरच नोकरी मिळणार होती. क्लासात फाडफाड टाइप करायची, परीक्षेत दोनदा नापास.

मास्तर म्हणाले, "बाई मनानं खचलीय."

मी तिलाच विचारलं, "मेल्ये, मशीन तरी तेच असतं का गं?"

"नाही वहिनी. तिथं नवं असतं, अक्षरांच्या जागाच वेगळ्या. सांगणार कुणाला?"

तिसऱ्या खेपेला क्लासचं जुनं मशीन आम्ही हातगाडीवर घातलं, संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यातून वाट काढत परीक्षेला नेलं. सुमन पास झाली, नोकरीही लागली.

पहिल्या दिवशी कामावरून आली ती उंबऱ्यातच उभी राहिली.

"वहिनी, हापिसात नवं मशीन आहे."