हसनाबादला लावलेला फोन

मी या नोकरीला कशी लागले, ते ऐका. विद्यापीठांत सामाजिक उद्योजकता शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मदत करायची, असं ज्युनिअर कन्सल्टंटचं पद होतं. मुलाखत जालन्यात. अर्जात मी ठोकून दिलं होतं, ‘कॉलेजात असताना हसनाबादच्या बचत गटाची डाळमिल यशस्वीपणे उभी केली.’ उभी केली हे खरं. चार महिन्यांत ती बंद पडली, हे लिहिलं नव्हतं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “गटाच्या अध्यक्षांचा नंबर द्या. आत्ताच बोलू.”

मी अध्यक्ष सुनीताताईंचा नंबर दिला. मॅडमनी फोन स्पीकरवर टाकला आणि मिल कशी चाललीय, असं विचारलं.

“बंद हाय की,” सुनीताताई म्हणाल्या. “कॉलेजच्या पोरींनी ऐन कापूस वेचणीत आणून ठेवली. आम्हाला येळ हाय का, हे कुणी विचारलंच न्हाई.”

मला तिथून उठून पळावंसं वाटून राह्यलं होतं.

“मग त्या मुली परत आल्या का?”

“एकच आल्ती. आमचं काय चुकलं ते सांगा म्हणली. दिवसभर वहीत लिहीत बसली.”

मॅडमनी नाव विचारलं. ताईंनी माझं सांगितलं.

फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, “हे अर्जात का नाही लिहिलं?”

“भीती वाटली.”

“ती वही घेऊन सोमवारी या. प्राध्यापकांना आधी तीच वाचायला देऊ.”

बाहेर आले तोच ताईंचा फोन. “पोरी, जालन्याच्या कुण्या मॅडम मिलची चौकशी करून राह्यल्या होत्या. इकत घेतेत का गं त्या?”