मेतकुटाच्या सूचना

सूचना सात होत्या की आठ, हे आता मला खात्रीने सांगता येणार नाही. निवृत्तीनंतर चेन्नईत आम्ही बायकोचं मेतकूट ऑनलाइन विकायला काढलं आणि वेबसाइटवर मी सूचना लिहिल्या. चव दरवेळी सारखी असेलच असं नाही, पोट नाजूक असल्यास जपून खावे, वगैरे. महिनाभर एकही ऑर्डर आली नाही.

सून म्हणाली, "बाबा, हे मेतकूट आहे की ऑपरेशनचं संमतिपत्र?"

बायको म्हणाली, "आणखी आठवडाभर बघते, मग बंद. लोकांना वाटेल, माझ्याच हाताला चव नाही."

मी रसायनशास्त्राचा माणूस, एका वेळी एकच बदल करणार. रोज एक सूचना काढत गेलो. शेवटची उरली, तेव्हा चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणीहून पहिली ऑर्डर आली. ती सूचना होती, 'बनवणाऱ्या व्यक्तीला टीका सहन होत नाही.' ऑर्डरी थांबतील या भीतीपोटी मी ती पुढे कधी काढलीच नाही. बायको वेबसाइट उघडत नाही, हे बरं.

चार वर्षांनी एका लग्नात त्या पहिल्या गिऱ्हाईक बाई भेटल्या. मी हळूच विचारलं, "तेव्हा का मागवलंत?"

"ती ओळ वाचून," त्या मोठ्याने म्हणाल्या. "जिला टीका सहन होत नाही, तिला ती ऐकायची सवयच नसणार."

शेजारून बायकोने विचारलं, "कोणती ओळ?"